आपल्याच नायकाचा कोट घालणारा लेखक

१९६३ साली ‘द गर्ल हंटर्स’ नावाचा एक कृष्णधवल सिनेमा आला. त्यात माइक हॅमर हा न्यूयॉर्कचा खासगी गुप्तहेर नायक आहे. ही भूमिका केली होती मिकी स्पिलेननं. ज्या कादंबरीवरून सिनेमा बनला ती लिहिली होती मिकी स्पिलेननं. पटकथा लिहिणाऱ्या तिघांतही मिकी स्पिलेनचं नाव होतं.

लेखक पडद्यावर दिसतात, नाही असं नाही. कुणी हॉटेलात मागच्या टेबलावर कॉफी पीत बसलेला असतो, कुणी गर्दीतून छत्री घेऊन चालत जातो. पण आपणच जन्माला घातलेला गुप्तहेर लेखकानं स्वतः उभा करायचा, तोही पूर्ण लांबीच्या सिनेमात, हे फार दुर्मीळ आहे. अनेकांनी याला लेखकाची हौस म्हणून सोडून दिलं. मला ते पटत नाही. स्पिलेन वाचकाकडे कसा पाहत होता ते समजून घेतलं, तर तो पडद्यावर का गेला हे आपसूक कळतं. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

फ्रँक मॉरिसन स्पिलेन ९ मार्च १९१८ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मला आणि शेजारच्या न्यू जर्सी राज्यातल्या एलिझाबेथ गावात वाढला. वडील आयरिश, बारमध्ये काम करणारे. १९४० च्या सुमारास तो गिंबल्स या मोठ्या दुकानात विक्रेता होता. तिथल्या एका सहकाऱ्याच्या ओळखीतून तो कॉमिक्स लिहू लागला आणि त्याची खरी लेखनशाळा तिथंच भरली.

त्या काळी अमेरिकेत मासिकांना टपालखर्चात सवलत मिळायची. पण नुसत्या चित्रांच्या मासिकाला ती मिळत नसे, त्यात थोडा सलग मजकूर असावा लागे. म्हणून प्रत्येक कॉमिकमध्ये दोन पानांची एक गोष्ट कोंबायचे. मुलं चित्रं बघायला अंक घेत, या दोन पानांकडे सहसा कुणी वळत नसे. स्पिलेननं अशा दोनपानी गोष्टी ढिगानं लिहिल्या. वाचायची इच्छाच नसलेल्या वाचकाला थांबवायचं, ते पहिल्याच वाक्यात, आणि दोन पानांत गोष्ट संपवायची. पुढे त्याच्या कादंबऱ्यांत जो वेग दिसतो तो इथला आहे. झुंजार आणि काळापहाडवर वाढलेल्या आपल्याकडच्या पिढीला हा वेग ओळखीचा वाटेल. बाबूराव अर्णाळकरांचं पुस्तक हातात घेतलं की जेवणाचं ताट वाट बघत राहायचं, तीच गत.

मग दुसरं महायुद्ध आलं. पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर तो हवाई दलात दाखल झाला आणि युद्धकाळात नव्या वैमानिकांना विमान चालवायला शिकवत राहिला. परत आल्यावर लग्न झालेलं, राहायला घर नाही. न्यूयॉर्कच्या उत्तरेला न्यूबर्गजवळ जमीन घ्यायची होती, त्यासाठी हजार डॉलर हवे होते. कॉमिकसाठी त्यानं माइक डेंजर नावाचा एक गुप्तहेर आधीच तयार करून ठेवला होता, पण तो खपला नव्हता. त्यालाच माइक हॅमर करून त्यानं तीन आठवड्यांच्या आत कादंबरी उरकली. तिचं नाव ‘आय, द ज्युरी’. १९४७ साली डटन या प्रकाशनसंस्थेनं ती कापडी बांधणीत काढली. त्या आवृत्तीनं फारशी खळबळ माजवली नाही.

खळबळ माजली ती पुढच्या वर्षी, सिग्नेटनं तिची पेपरबॅक आवृत्ती काढली तेव्हा. हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे. कापडी बांधणीचं पुस्तक पुस्तकांच्या दुकानात मिळे, आणि अशी दुकानं मोठ्या शहरांत असत. त्याचं परीक्षण वर्तमानपत्रात येई, वाचनालयं ते घेत. पेपरबॅकची किंमत पंचवीस सेंट, आणि ते मिळे औषधाच्या दुकानात, बसस्थानकावर, वर्तमानपत्रं विकणाऱ्या टपरीवर, तारेच्या फिरत्या स्टँडला लटकवलेलं. घेणारा माणूस परीक्षण वाचून आलेला नसे. तो बसची वाट बघत असे. युद्धात सैनिकांना खिशात मावणारी पुस्तकं फुकट वाटली गेली होती, त्यामुळे लाखो पुरुषांना वाचायची सवय लागली होती. हे सगळे आता घरी परतलेले, नोकरी करणारे, रात्री झोप न येणारे लोक होते.

या लोकांच्या हातात ‘आय, द ज्युरी’ पडली. पहिल्याच प्रकरणात हॅमरच्या मित्राचं प्रेत पडलेलं आहे. हा मित्र युद्धात त्याच्याबरोबर होता. हॅमरचा जीव वाचवताना त्यानं आपला एक हात गमावला होता. त्या प्रेताशेजारी उभा राहून हॅमर शपथ घेतो की खुनी सापडेल तेव्हा कोर्टाची वाट बघणार नाही, मीच ज्युरी आणि मीच न्यायाधीश. कादंबरीच्या नावाचा अर्थ हाच. युद्धावरून आलेल्या वाचकाला यातला मित्र समजावून सांगावा लागला नाही. दोन्ही आवृत्त्या मिळून एकट्या अमेरिकेत तिच्या साठ लाखांहून जास्त प्रती खपल्या.

इथे ‘हार्डबॉइल्ड’ या शब्दाचा खुलासा करायला हवा, कारण स्पिलेनचं नाव निघालं की तो येतोच. शब्दशः तो कडक उकडलेल्या अंड्याचा शब्द. रहस्यकथेत त्याचा अर्थ मन टणक झालेला, कशानं न हलणारा नायक आणि तशीच कोरडी, तुटक भाषा. इंग्लंडमधल्या जुन्या रहस्यकथेत गुन्हा हे कोडं असतं. बंगल्यातल्या दहा माणसांपैकी खुनी कोण हे डोकं चालवून शोधायचं. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या स्वस्त मासिकांतून दुसरी वाट निघाली. तिथला गुप्तहेर पगारी माणूस आहे, मार देतो आणि मार खातो, पोलीसही विकले गेलेले असू शकतात हे त्याला माहीत आहे. स्पिलेननं या परंपरेतल्या कॅरॉल जॉन डेली या लेखकाचं ऋण उघडपणे मान्य केलं होतं. पण डेलीच्या काळात जी मारामारी मासिकाच्या पानापुरती होती, ती स्पिलेननं कितीतरी वाढवली. बंदूक, रक्त, कामुकता, सूड, सगळंच.

आणि हे सगळं ‘मी’च्या तोंडून. मी दार ढकललं, मी गोळी झाडली. हॅमर आपली गोष्ट स्वतः सांगतो. अशा लेखनात वाचकाच्या मनात दोन माणसं एकमेकांत मिसळू लागतात, सांगणारा आणि लिहिणारा. स्पिलेननं हे मिसळणं थांबवायचा प्रयत्न कधी केला नाही, उलट त्याला हातभार लावला. प्रसिद्धीच्या फोटोंत तो हॅट घालून, पावसाळी कोटाची कॉलर वर करून उभा राहायचा. रुंद चेहरा, बारीक कापलेले केस, आखूड मान. पुस्तक उलटं केलं की मागच्या बाजूला जणू हॅमरच.

१९५० ते १९५२ या तीन वर्षांत त्याच्या आणखी सहा कादंबऱ्या आल्या आणि प्रत्येक तुफान खपली. जगभरात त्याच्या पुस्तकांच्या वीस कोटींहून अधिक प्रती गेल्या असं सांगितलं जातं. समीक्षकांनी मात्र त्याला फाडून खाल्लं. त्यांचा राग मला पूर्ण चुकीचा वाटत नाही. १९५१ च्या ‘वन लोनली नाइट’मध्ये हॅमर कम्युनिस्टांना ज्या आनंदानं मारतो ते आज वाचताना अंगावर येतं. स्त्रिया तर बहुतेक वेळा मोहात पाडायला, नाहीतर मरायला येतात. हॅमरची सेक्रेटरी वेल्डा हा त्यातल्या त्यात अपवाद. तिच्याकडेही गुप्तहेराचा परवाना आहे, ती पिस्तूल चालवते. टीकेला स्पिलेन उत्तर द्यायचा ते विक्रेत्याच्या भाषेत. कॅव्हिआरपेक्षा, म्हणजे माशाच्या महागड्या अंड्यांपेक्षा, खारे शेंगदाणे जास्त खपतात, हे बड्या लेखकांना कळत नाही, असं तो म्हणे. आपले चाहते नाहीत, गिऱ्हाइकं आहेत, हेही त्याचंच म्हणणं. पुस्तकाचं पहिलं पान ते पुस्तक विकतं आणि शेवटचं पान पुढचं पुस्तक विकतं, हा त्याचा नियम होता. म्हणून तो शेवट आधी ठरवायचा.

माझ्याकडे स्पिलेनचं एक पुस्तक आहे, मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर घेतलेलं. इंग्लंडमधली कॉर्गीची आवृत्ती, पानं चहाच्या रंगाची झालेली, कडा उंदरानं नाही तर माणसांच्या अंगठ्यांनी झिजवलेल्या. पहिल्या पानावर कुठल्याशा सर्क्युलेटिंग लायब्ररीचा जांभळा शिक्का आहे आणि मागे तारखांची रांग, चार-चार दिवसांच्या अंतरानं. न्यूबर्गच्या जमिनीसाठी लिहिणाऱ्या माणसाचं गिऱ्हाईक इथवर पसरलं होतं.

आता सिनेमाकडे. हॅमरच्या कथांचे हक्क व्हिक्टर सॅव्हिल या ब्रिटिश निर्मात्यानं घेतले. हक्क विकणं म्हणजे काय, हे लेखकाला पुष्कळदा सिनेमा बघतानाच कळतं. पैसे एकदा मिळाले की कोणता नट, कोणता शेवट, किती बदल, यावर लेखकाचा शब्द चालत नाही. सॅव्हिलनं १९५३ ते १९५७ या काळात स्पिलेनच्या कादंबऱ्यांवर चार सिनेमे काढले. हॅमरची भूमिका आपला मित्र जॅक स्टँग यानं करावी असं स्पिलेनच्या मनात होतं. स्टँग न्यूबर्गचा खराखुरा पोलीस होता. पण ते झालं नाही.

या चारांपैकी एक सिनेमा मोठा ठरला, आणि नेमका तोच स्पिलेनला आवडला नाही. दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्ड्रिचचा १९५५ चा ‘किस मी डेडली’. पटकथाकार ए. आय. बेझराइड्स याला मूळ कादंबरीबद्दल जराही आदर नव्हता. त्यानं हॅमरला जवळजवळ खलनायकच केलं. स्वार्थी, उर्मट, आपण कशाच्या मागे लागलो आहोत हेही न कळणारा. कादंबरीत लोक अमली पदार्थांच्या मागे धावतात, सिनेमात त्याजागी एक पेटी आली, उघडली की आतून आंधळा करणारा प्रकाश आणि चटका. अणुयुगाची भीती त्या पेटीत भरली होती. फ्रेंच समीक्षकांनी सिनेमा डोक्यावर घेतला, आणि १९९९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहात जपण्यासाठी त्याची निवड झाली. सिनेमा म्हणून तो श्रेष्ठ आहे, यात मला शंका नाही. पण स्पिलेनच्या जागी उभं राहून बघा. ज्या माणसाच्या आवाजात तुम्ही इतकी वर्षं बोललात, त्याला परका माणूस तुमच्याच नावाखाली मूर्ख ठरवतोय.

पडद्यावर पाऊल मात्र त्यानं याच्या आधीच ठेवलं होतं. १९५४ चा ‘रिंग ऑफ फिअर’ हा सर्कशीतला रहस्यपट, हॉलीवूडचा नट जॉन वेन याच्या निर्मितीसंस्थेचा. सर्कशीत अपघातांची मालिका सुरू होते, आणि छडा लावायला बोलावलं जातं प्रसिद्ध रहस्यकथाकार मिकी स्पिलेनला. म्हणजे तो त्यात मिकी स्पिलेन म्हणूनच आहे, पण काम गुप्तहेराचं करतो. सोबत सिंह-वाघांना खेळवणारा क्लाइड बीटी, तोही स्वतःच्याच नावानं. आणि जॅक स्टँगलाही यात एक भूमिका मिळाली. पटकथा जमत नव्हती तेव्हा स्पिलेननं ती दुरुस्त करून दिली, त्याचं श्रेयनामावलीत नाव नाही. मोबदल्याचं त्यानं काही घेतलं नाही, तेव्हा एक दिवस त्याच्या दारात पांढरी जॅग्वार गाडी उभी राहिली, लाल फीत बांधलेली, वेनकडून आभाराच्या चिठ्ठीसह. ही गाडी त्यानं पुढे आयुष्यभर जपली.

या सिनेमात एक गोष्ट झाली ती महत्त्वाची. लेखक आणि गुप्तहेर यांच्यामधली भिंत पहिल्यांदाच पडद्यावर पडली.

त्यानंतर हॅमर गप्प झाला. १९५२ नंतर दहा वर्षं हॅमरची एकही कादंबरी आली नाही. मधल्या काळात स्पिलेन यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथात गेला होता. हे लोक दारोदार जाऊन आपल्या श्रद्धेबद्दल बोलतात. इतकं रक्त सांडणारा लेखक रविवारी हातात पत्रकं घेऊन अनोळखी घरांची बेल वाजवतोय, हे चित्र अनेकांना पटेना. दहा वर्षांच्या शांततेमागे या श्रद्धेचा वाटा होता, असं तेव्हापासून बोललं जातं. पैशाची निकड संपली होती, हेही तितकंच खरं.

१९६२ साली हॅमर परतला तो ‘द गर्ल हंटर्स’ या कादंबरीत, आणि कसा परतला ते बघा. गटारात पडलेला. वेल्डा सात वर्षांपूर्वी एका कामगिरीवर गेली ती आलीच नाही. ती आपल्यामुळे मेली असं समजून हॅमर सात वर्षं दारू पीत राहिला आहे. त्याचा जुना पोलीस मित्र पॅट चेंबर्स त्याला उचलून आणतो ते प्रेमानं नाही, कामासाठी. एक मरणारा माणूस फक्त हॅमरशीच बोलायला तयार आहे. तो सांगतो, वेल्डा जिवंत असू शकते. एवढ्या एका वाक्यावर हॅमर उठून उभा राहतो. लेखकाची दहा वर्षांची गैरहजेरी आणि नायकाची सात वर्षांची, दोन्ही एकाच कथेत गुंफलेल्या आहेत. वाचकाच्या मनातला प्रश्न, इतके दिवस कुठे होतास, स्पिलेननं थेट नायकालाच विचारला.

पुढच्याच वर्षी यावर सिनेमा निघाला. निर्माता रॉबर्ट फेलोज, दिग्दर्शक रॉय रोलंड. गोष्ट न्यूयॉर्कची, पण बरंचसं चित्रीकरण इंग्लंडमधल्या स्टुडिओत झालं, आणि बाहेरची काही दृश्यं खऱ्या न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर. स्पिलेनसमोर होती शर्ली ईटन, जी पुढच्याच वर्षी बाँडपटात अंगभर सोनेरी रंग लावून जगप्रसिद्ध झाली. हाय गार्डनर हा न्यूयॉर्कचा स्तंभलेखक यात स्वतःच्याच नावानं आहे.

नट म्हणून स्पिलेन कसा होता? अवघडलेला. हात कुठे ठेवायचे हे त्याला नेहमी माहीत नसतं, भावनेच्या जागी चेहरा तसाच राहतो. पण बोलताना ऐका. हॅमरची वाक्यं कागदावर ज्या तालात आहेत, आखूड, पुढच्या वाक्यावर ढकलणारी, त्याच तालात तो ती म्हणतो. शिकलेला नट अशा वाक्याला वजन द्यायला जातो आणि ते मोडतं. स्पिलेन ते नुसतं टाकून पुढे जातो. कथेतल्या खुन्याशी मारामारी संपल्यावर हॅमर त्याला गोळी घालत नाही. पोलीस येईपर्यंत हा जागचा हलू नये म्हणून त्याचा हात खिळ्यानं जमिनीला ठोकतो. दुसऱ्या कुणी केलं असतं तर प्रेक्षकानं तोंड फिरवलं असतं. स्पिलेनच्या चेहऱ्यावर तिथे दाराला कडी लावण्याइतकाच भाव आहे, आणि हॅमर खरोखर किती भयंकर माणूस आहे हे मला तिथे कळलं. वाचताना प्रथमपुरुषी ‘मी’च्या आत बसून जे जाणवत नाही, ते बाहेरून बघताना दिसतं. लेखकानं स्वतः ते आपल्याला दाखवावं, याला मी धाडस म्हणेन.

नायक म्हणून तो पुन्हा पडद्यावर आला नाही. पण चेहरा आता लोकांचा झाला होता, आणि त्याचा उपयोग वेगळ्या प्रकारे होऊ लागला. जानेवारी १९७४ मध्ये ‘कोलंबो’ या टीव्ही मालिकेच्या एका भागात तो अॅलन मॅलरी नावाचा लोकप्रिय कादंबरीकार झाला. मॅलरी आपला प्रकाशक सोडून दुसरीकडे जायच्या बेतात आहे. प्रकाशक सुपारी देऊन त्याचा खून करवतो. मॅलरी खोलीत एकटा टेपरेकॉर्डरवर कादंबरी सांगत असतो, आणि मारेकरी आत येतो. आयुष्यभर कागदावर माणसं मारणाऱ्या लेखकानं इथे प्रेताची भूमिका घेतली. आणि खुनी कोण, तर प्रकाशक! हे दृश्य बघताना लिहिणाऱ्या कुणालाही जवळचं काहीतरी वाटेल.

याच दशकात मिलर लाइट बीअरच्या जाहिराती सुरू झाल्या, आणि अनेक अमेरिकनांना तो आधी तिथेच भेटला. कमी उष्मांकाची बीअर म्हणजे बायकी, असा समज पुरुषांत होता. तो घालवायला कंपनीनं निवृत्त खेळाडू, दणकट माणसं पुढे आणली, आणि त्यांत हॅट-कोट घातलेला स्पिलेन, शेजारी लांब सोनेरी केसांची ली मेरेडिथ. पुढे कितीतरी वर्षं या जाहिराती चालल्या. पुस्तक न वाचलेला माणूसही त्याला रस्त्यात ओळखू लागला. हॅट आणि कोट पुस्तकातून निघून, सिनेमातून फिरून, लेखकाच्या अंगावर कायमचे बसले होते. टीव्हीवर हॅमरच्या मालिका आल्या, १९५८ मध्ये डॅरन मॅगेव्हिन आणि १९८० च्या दशकात स्टेसी कीच यांच्या, त्यांच्या नावातही हॅमरच्या आधी ‘मिकी स्पिलेनचा’ असं होतं.

मान मिळायला मात्र फार वेळ लागला. अमेरिकन रहस्यलेखकांच्या संघटनेनं त्याला ग्रँडमास्टर म्हटलं ते १९९५ साली, तो सत्त्याहत्तर वर्षांचा असताना. त्याच वर्षी तो ‘मॉमी’ या कमी खर्चातल्या सिनेमात वकील म्हणून दिसला. दिग्दर्शक होता मॅक्स अॅलन कॉलिन्स, लहानपणापासून स्पिलेन वाचत मोठा झालेला आणि त्याच्यावर टीका करणाऱ्यांशी वर्षानुवर्षं भांडलेला रहस्यलेखक. १९९९ मध्ये कॉलिन्सनं त्याच्यावर माहितीपटही केला. त्याचं नाव उलटं ठेवलं होतं, माइक हॅमरचा मिकी स्पिलेन.

स्पिलेन दक्षिण कॅरोलिनातल्या मरेल्स इनलेट या समुद्रकाठच्या गावी १७ जुलै २००६ रोजी वारला. शेवटच्या आजारपणात तो हॅमरची एक कादंबरी लिहीत होता. ती पुरी होणार नाही हे कळल्यावर त्यानं सगळे कागद कॉलिन्सकडे द्यायला सांगितलं. कुठे काही प्रकरणं, कुठे नुसती टिपणं, कुठे शेवट लिहिलेला आणि मधलं रिकामं. कॉलिन्सनं त्यांतली एकेक पुरी करायला घेतली आणि २००८ पासून ती पुस्तकं येत राहिली, दोघांची नावं एकाखाली एक छापलेली.